रविवर्मांची तसबीर आणि आपल्या ॲपमधली फ्रेम : बॉर्डरमध्ये नक्की काय असतं?

गणपती आले की चिंचवडमधला प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुप फ्रेमांनी भरून जातो. मोरया गोसावींच्या गावात दुसरं काय होणार म्हणा! वर महिरप, दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा, खाली मंडळाचं नाव आणि मधोमध फोटो. पुढे दसरा, दिवाळी, मग कुणाचा तरी वाढदिवस. फ्रेम बदलते, पद्धत तीच. ॲप उघडायचं, फोटो निवडायचा, बॉर्डरवर टॅप करायचं, सेव्ह. एक मिनिटसुद्धा लागत नाही.

आता चिंचवड स्टेशनवरून लोणावळा लोकल पकडा. आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, कामशेत करत गाडी लोणावळ्याच्या एक स्टेशन आधी थांबते ते मळवली. बहुतेक जण इथे कार्ल्याच्या लेण्यांसाठी किंवा लोहगडासाठी उतरतात. याच मळवलीत एकेकाळी एक छापखाना होता, आणि त्याने भारतातल्या असंख्य घरांच्या भिंतींवर लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण नेऊन पोचवले. छापखाना राजा रविवर्मा यांचा. माणूस केरळचा, चित्रं पुराणातली, मशिनं जर्मनीची आणि पत्ता आपल्या लोकल लाइनवरचा.

फोटोच्या बॉर्डरवर लिहिताना मी या माणसापर्यंत पोचलो, कारण चित्राभोवतीची ती रिकामी पट्टी कशासाठी असते हे त्याच्या गोष्टीतून जितकं कळतं तितकं कुठल्याही ट्युटोरियलमधून कळत नाही. आणि त्या पट्टीत काय लिहिलंय, ती कुणी कापली, यावरून चित्रकाराचं काय होतं तेही त्यात आहे.

तेलरंग कुणी शिकवेना

रविवर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. घराणं राजघराण्याशी नात्यातलं. पहिले धडे मामाकडून मिळाले. मामाचं नाव राजा राजा वर्मा. (हे नाव लक्षात ठेवा, कारण धाकट्या भावाचं नावही हेच आहे आणि पुढे गोंधळ होतो.) वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे 1862 मध्ये, मामा त्याला तिरुवनंतपुरमच्या दरबारात घेऊन गेला. तिथले महाराज आयिल्यम तिरुनाळ कलेचे शौकीन. मुलाची राहायची सोय झाली.

जलरंग त्याला दरबारातल्या चित्रकारांकडून शिकायला मिळाले. घोडं अडलं ते तेलरंगांवर. ही तेव्हाची नवी टेक्नॉलॉजी. भारतात फार थोड्यांना येणारी, आणि ज्यांना येत होती ते ती कुणाला सांगायला तयार नव्हते. दरबारात तेलरंग जाणणारा एक चित्रकार होता, त्याने शिकवायला नकार दिला. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार दरबारी पोर्ट्रेट करायला आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम चालू असताना बघत बसायची परवानगी दिली. एवढ्यावर रविवर्मा बाकीचं स्वतः शिकले. रंग किती पातळ करायचा, पहिला थर वाळायच्या आत दुसरा लावायचा की नंतर, कातडीवरचा उजेड कसा आणायचा, सगळं करून बघत. आज आपण यूट्यूबवर व्हिडिओ पॉज करून करून शिकतो ना, साधारण तसंच. फरक इतकाच की इथे पॉजचं बटण नव्हतं.

पुढचा प्रवास भराभर झाला. 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं. चित्र होतं केसांत फुलं माळणाऱ्या नायर स्त्रीचं. संस्थानिकांची बोलावणी सुरू झाली. त्यातलं सगळ्यात मोठं काम सयाजीराव गायकवाडांचं. बडोद्याच्या राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा मोठी तैलचित्रं. 1888 च्या सुमारास सुरू झालेलं हे काम 1890 पर्यंत पूर्ण झालं. राजवाड्यात लागण्याआधी ती लोकांना बघायला ठेवली गेली आणि लोटच्या लोट लोक आले.

इथे गोष्टीला वळण मिळतं. नळ-दमयंती, शंतनू-सत्यवती, कृष्ण ही सगळी पात्रं लोकांनी कीर्तनात ऐकलेली होती, देवळात दगडाची पाहिलेली होती. पण हाडामासाची, साडीच्या निऱ्यांसकट, खऱ्याखुऱ्या सावलीसकट कुणी पाहिली नव्हती. आणि देऊळ तरी कुठे सगळ्यांसाठी उघडं होतं? कित्येक जातींना गाभारा सोडाच, देवळाच्या आवारातही प्रवेश नव्हता. देवाचं चित्र घरात टांगता आलं तर दर्शनासाठी कुणाची परवानगी लागणार नव्हती.

त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्मांना काही वर्षं आधीच सुचवलं होतं की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या ओलिओग्राफ प्रती काढून घ्या. एका माणसाचे दोन हात किती घरांना पुरणार? रविवर्मांनी ती कल्पना आणखी पुढे नेली. चित्रं परदेशी पाठवण्यापेक्षा छापखानाच इकडे आणायचा. 1894 मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. मशिनं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. कारभार धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा बघायचा. तो स्वतः चांगला चित्रकार होता, दोघं मिळून एकाच कॅनव्हासवर काम करायचे.

एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे देवांची रंगीत चित्रं छापणारे रविवर्मा पहिले नव्हेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात 1878 मध्येच चित्रशाळा सुरू झाली होती आणि तिची चित्रं घरोघर जात होती. रविवर्मांनी आणला तो तैलचित्राचा भास. छापील कागद, पण लांबून बघितलं तर कॅनव्हास.

एक चित्र, ढीगभर दगड

आता थोडं टेक्निकल. हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो.

त्या काळची ही छपाई म्हणजे लिथोग्राफी, शिळाछाप. तत्त्व साधं आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बव्हेरियातल्या एका खास जातीच्या चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी टिकत नाही. वरून शाईचा रोलर फिरवला की शाई फक्त रेघांना चिकटते, ओल्या भागाला नाही. कागद ठेवून दाब दिला की चित्र उमटलं. उलटं उमटतं, म्हणून दगडावर काढताना ते आरशातल्यासारखं उलट काढायचं. सेल्फीत टी-शर्टवरची अक्षरं उलटी दिसतात तसं.

हा झाला एक रंग. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पिवळ्याचा एक, फिक्या गुलाबीचा एक, गडद लालचा एक, निळ्याचे दोन, राखाडी, काळा, असं करत एका चित्राला सहज दहा-बारा किंवा त्याहूनही जास्त दगड लागायचे. मूळ तैलचित्रासमोर बसून कारागीर ठरवायचा की लक्ष्मीच्या गालावर किती पिवळा, किती गुलाबी, आणि सावलीसाठी खालून निळा किती. प्रत्येक दगडावर फक्त त्या रंगाचे बारीक बारीक ठिपके. ठिपके दाट तर रंग गडद, विरळ तर फिका.

ओळखीचं वाटतंय? आपल्या एडिटिंग ॲपमधले लेयर हेच करतात. एकावर एक रचलेले पारदर्शक कागद, प्रत्येकावर वेगळी गोष्ट, वरून बघितलं की एकच चित्र. फरक असा की आपण एखादा लेयर चुकला तर डोळ्याचं चिन्ह दाबून तो लपवतो. तिथे एक दगड बिघडला की तो घासून पुन्हा पहिल्यापासून.

आणि इथेच बॉर्डर येते. एकच कागद दहा-बारा वेळा मशिनमधून जाणार आणि प्रत्येक वेळी रंग बरोबर आधीच्या रंगावर बसला पाहिजे. केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा लाल हनुवटीवर येणार. म्हणून चित्राच्या बाहेर, कागदाच्या रिकाम्या समासात, प्रत्येक दगडावर त्याच जागी बारीक खुणा करायच्या. क्रॉससारख्या. सगळ्या खुणा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की रंगही बसले. छपाईवाले याला रजिस्ट्रेशन म्हणतात. ही पद्धत आजही आहे. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांतून जे छापील खोके बाहेर पडतात, त्यातल्या एखाद्याची आत दुमडलेली पट्टी उलगडून बघा. रंगीत ठिपके किंवा छोटे क्रॉस दिसतील. तेच ते.

थोडक्यात, समास सजावटीच्या आधी कामासाठी होता. त्याच समासात खाली एक ओळ छापलेली असायची. चित्राचं नाव, छापखान्याचं नाव, पुढे कार्ले-लोणावळा असा पत्ता. आजच्या भाषेत वॉटरमार्क.

रंग पूर्ण झाले की कागदावर कॅनव्हासच्या विणीसारखा उठाव द्यायचा आणि वरून वार्निश. मग ते छापील चित्र तेलकट चमकायला लागायचं. म्हणून नाव ओलिओग्राफ. इथून छापून निघालेलं पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं मानतात.

मुंबईहून मळवली

चित्रं लोकांना आवडली, पण छापखान्याचा हिशेब काही जमेना. दगड, शाई, कागद, जर्मन तंत्रज्ञांचे पगार, सगळं महाग. त्यात 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. शहरातून लोक गावाकडे पळाले, कामगार मिळेनात. शेवटी 1899 मध्ये छापखाना मळवलीला हलवला. रेल्वे जवळ, पाणी भरपूर, मुंबईसारखी गर्दी नाही.

तरी कर्ज फिटेना. 1901 मध्ये रविवर्मांनी छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकला. मशिनंच नव्हे, चित्रं छापायचे हक्कसुद्धा गेले. ज्या माणसाला आपली चित्रं घरोघर पोचवायची होती त्याची चित्रं आता खरंच घरोघर पोचणार होती, पण कुठलं छापायचं, कसं छापायचं, भोवती काय लावायचं हे ठरवणारा दुसराच होता.

हा सौदा मूर्खपणाचा होता असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. कर्जात बुडालेला छापखाना बंद पडू देण्यापेक्षा तो चालवू शकणाऱ्या माणसाच्या हाती देणं हा निर्णय मला समजतो. आमच्या क्षेत्रातही असंच होतं. प्रॉडक्ट बनवणारा वेगळा आणि ते मोठं करणारा वेगळा, आणि नाव कुणाचं लक्षात राहील ते सांगता येत नाही. पण हक्क देताना समासातल्या त्या एका ओळीचं काय होणार, हा विचार कुणी केला असेल असं मात्र दिसत नाही.

श्लायशर व्यापारी डोक्याचा. त्याने रविवर्मांची चित्रं छापणं चालू ठेवलं. जोडीला इतर चित्रकारांकडून नवी चित्रं करून घेतली, जाहिरातींची आणि मालावर चिकटवायची लेबलं छापायचं काम घेतलं. या सगळ्यावर छापखान्याचं नाव रविवर्मांचंच. त्यामुळे आज रविवर्मा म्हणून जे काही दाखवलं जातं त्यातलं पुष्कळसं त्यांनी काढलेलंच नाही. दुसरीकडे, त्यांची खरी चित्रं देशातल्या आणि परदेशातल्या इतर छापखान्यांनी बिनदिक्कत नक्कल करून छापली, कॅलेंडरवर घेतली, भोवती आपापली वेलबुट्टी आणि दुकानाचं नाव टाकलं. म्हणजे त्यांच्या नसलेल्या चित्रावर त्यांचं नाव आणि त्यांच्या चित्रावर दुसऱ्याचं. आपल्या फॉरवर्डच्या जगात नवीन काहीच नाही बघा.

जाता जाता आपल्या फाळक्यांचा उल्लेख केलाच पाहिजे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात होते. लोणावळ्यात त्यांचा एनग्रेव्हिंगचा छापखाना होता आणि तिथे रविवर्मा प्रेससाठी फोटोवरून दगडावर चित्र उतरवायचं काम चालायचं. राजा हरिश्चंद्र आला 1913 मध्ये. त्यातले देव, राजे, ऋषी कसे दिसावेत याची सवय लोकांच्या डोळ्यांना आधीच लागलेली होती.

विक्रीनंतरची वर्षं रविवर्मांना फार मिळाली नाहीत. 1904 मध्ये ब्रिटिश सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. त्या वेळी त्यांचा उल्लेख राजा रविवर्मा असा झाला आणि त्रावणकोरच्या महाराजांना तो अजिबात रुचला नाही, कारण रविवर्मा कुठल्याही संस्थानाचे राजे नव्हते. पण कागदावर एकदा नाव चढलं की चढलं. आज आपल्याला राजा हा शब्द काढून ते नाव म्हणताच येत नाही. 1905 च्या सुरुवातीला धाकटा भाऊ गेला. चित्रात, छापखान्यात, प्रवासात कायम सोबत असलेला. 2 ऑक्टोबर 1906 रोजी मधुमेहाच्या आजारात किळिमानूरलाच रविवर्मांचं निधन झालं. वय 58.

घरात आल्यावर चित्राचं काय झालं

छापलेलं चित्र घरी आल्यावर लोक ते तसंच ठेवत नसत. लक्ष्मीच्या साडीवर खरी जर शिवायची, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी चिकटवायचे, कुठे कापडाचा तुकडा लावून पदर करायचा. असे सजवलेले ओलिओग्राफ आज संग्राहकांकडे आहेत आणि मला ते मूळ छपाईपेक्षा जास्त आवडतात. घरातल्या बायकांनी केलेलं हे एडिटिंगच. फिल्टर, स्टिकर, ग्लिटर, सगळं सुईदोऱ्याने.

मग चित्र फ्रेमवाल्याकडे. त्याच्याकडे लाकडी चौकटीची मापं ठरलेली. चित्र मोठं असेल तर काय करणार? समास कापणार. नाहीतर वरून माउंटचा पुठ्ठा ठेवून झाकणार. आणि समासात काय होतं ते आपण बघितलंच. तसबीर सुंदर झाली, भिंतीवर गेली, हार चढला, आणि ती कुठे छापली हे सांगणारी ओळ कचऱ्याच्या टोपलीत.

आपल्या ॲपमधल्या रेडिमेड फ्रेमाही नेमकं हेच करतात. फ्रेम म्हणजे बहुतेक वेळा एक पीएनजी फाइल. कडेला नक्षी आणि मधला भाग पारदर्शक. ती फोटोच्या वरचा लेयर म्हणून बसते. फ्रेमचा आकार फोटोशी जुळत नसेल तर ॲप फोटो कापतं. हिशेब करून बघा. फोनचा उभा फोटो 3000 बाय 4000 पिक्सेलचा आहे आणि तुम्ही चौकोनी फ्रेम निवडली. राहणार 3000 बाय 3000. म्हणजे पाव फोटो गेला, आणि त्यावर नक्षी कडेचा आणखी भाग झाकते. ग्रुप फोटोत शेवटी उभा असलेला चुलतभाऊ अर्धा दिसतो तो यामुळे.

यावर उपाय म्हणजे फोटोवर फ्रेम टाकण्याऐवजी फोटोचा कागद मोठा करायचा. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये याला कॅनव्हास साइज म्हणतात. गिंप हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर असेल तर त्यात इमेज मेन्यूखाली हा पर्याय मिळतो. 3000 बाय 4000 चा फोटो 3400 बाय 4700 च्या कॅनव्हासवर ठेवा. दोन्ही बाजूंना आणि वर 200 पिक्सेल सुटतात आणि खाली 500. फोटोचा एकही पिक्सेल जात नाही. नक्षी हवी तर त्या सुटलेल्या पट्टीत टाका. खालच्या रुंद पट्टीत कार्यक्रमाचं नाव, साल आणि फोटो काढणाऱ्याचं नाव लिहा. फोनवर करायचं असेल तर कॅनव्हासारख्या ॲपमध्ये आधी मोठ्या मापाचं रिकामं पान घ्या आणि फोटो त्यावर थोडा लहान करून ठेवा. सेव्ह करताना मूळ फोटोवर नाही, वेगळी कॉपी म्हणून. जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी थोडी खराब होते.

नाव फोटोच्या आत, म्हणजे मेटाडेटामध्येही टाकता येतं. पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. बॉर्डरमधलं नाव व्हॉट्सॲप काढत नाही, पण कुणीही क्रॉप करू शकतं. त्यामुळे मी दोन्हीकडे टाकतो. क्रॉप करणारा करणारच, पण निदान त्याला कष्ट पडू देत.

आणि हो, रविवर्मांच्या चित्रांवर बॉर्डर लावायला आज कुणाची परवानगी लागत नाही. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यांच्या बाबतीत तो कधीच संपला. त्यांची मूळ तैलचित्रं मात्र 1979 पासून राष्ट्रीय कलाठेवा आहेत, देशाबाहेर विकता येत नाहीत.

मळवलीचा छापखाना श्लायशरनंतरही चालू राहिला. 1972 मध्ये मोठी आग लागली आणि तो जळाला. रविवर्मांच्या मूळ शिळाछाप प्रतींतल्या कित्येक त्यात गेल्या.

त्यामुळे उरलंय ते लोकांच्या घरात. गावाकडच्या घरी, माळ्यावर किंवा देवघराच्या वर एखादी जुनी, तपकिरी पडलेली लक्ष्मी किंवा सरस्वती असेल तर ती फेकायच्या आधी खाली उतरवा. उजेडात तिरकी धरून बघा, कॅनव्हाससारखी वीण दिसते का. मग मागचा पुठ्ठा काळजीपूर्वक काढा, कागद जुना असतो, लगेच तुटतो. माउंटखाली खालच्या बाजूला समास शिल्लक असेल तर त्यावर छापखान्याचं नाव आणि कार्ले-लोणावळा असं बारीक अक्षरात दिसू शकतं. दिसलं तर त्या पट्टीचा जवळून फोटो काढा. तो फोटो मात्र क्रॉप करू नका.